इस्फहानची जामा मशीद नेमकी कोणत्या काळातली?

एका वाचकाने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. इराणमधल्या इस्फहानच्या जामा मशिदीला पुस्तकांत सेल्जुक, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकांतल्या तुर्क राजवटीच्या, काळातली वास्तू म्हटले जाते, मात्र छायाचित्रांत सगळीकडे नंतरच्या काळातल्या निळ्या टाइल्स दिसतात, तेव्हा तिचा खरा काळ कोणता, हा पहिला प्रश्न. तिथले दोन घुमट एकमेकांचा द्वेष करणाऱ्या दोन वजिरांनी चढाओढीने बांधले, या गोष्टीत कितपत तथ्य आहे, हा दुसरा. आणि हे वाचक सोलापूरचे असल्याने, गुलबर्ग्याची जामा मशीद याच इराणी परंपरेतली म्हणायची का, हा तिसरा. माझे काम जुन्या विटांच्या आणि दगडी बांधकामांच्या जतनाचे आहे, त्यामुळे उत्तर शैलीपेक्षा बांधकामाच्या बाजूने देतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच अधिक स्पष्टपणे सापडते, असे मला वाटते.

ही मशीद एका काळाची नाही. आठव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती जवळजवळ प्रत्येक राजवटीत मोडली, वाढवली, दुरुस्त केली आणि नव्याने सजवली गेली. मात्र तिला सेल्जुक म्हणण्यामागेही सबळ कारण आहे. आज आपण जिला इराणी मशीद म्हणून ओळखतो, म्हणजे मधला उघडा चौक, त्याच्या चारही बाजूंच्या मध्यावर उभे असलेले उंच कमानी सभामंडप आणि किब्ल्याच्या, म्हणजे नमाजासाठी तोंड करायच्या मक्केच्या दिशेच्या, बाजूला मोठा घुमट, ती रचना या जागी अकराव्या आणि बाराव्या शतकांत, सेल्जुकांच्या अमलात घडली. आपल्याला दिसणाऱ्या टाइल्स हा बहुतेक ठिकाणी त्या सांगाड्यावर नंतर चढवलेला पातळ थर आहे. सांगाडा आणि आवरण यांचे काळ वेगळे आहेत एवढे ध्यानात ठेवले, तर पुस्तक आणि छायाचित्र यांच्यातला विरोध उरत नाही.

आता क्रमाने पाहू. या जागेवरची पहिली मशीद अब्बासी खिलाफतीच्या सुरुवातीच्या काळात, इ.स. ७७१-७२ च्या सुमारास उभी राहिली. ती बरीच लहान होती. १९७० च्या दशकात इटालियन पुरातत्त्व-पथकाने इथे उत्खनन केले, तेव्हा या पहिल्या मशिदीची किब्ला-भिंत आणि तिच्यावरचे जिप्समचे नक्षीकाम आजच्या फरशीखाली सापडले. आणि त्या भिंतीची दिशा आजच्या मशिदीच्या दिशेशी जुळत नाही, हेही स्पष्ट झाले. इ.स. ८४०-४१ मध्ये, खलिफा मुअतसिमच्या काळात, ती मशीद बाजूला सारून कितीतरी मोठी मशीद बांधली गेली. तिची लांबी सुमारे १२८ मीटर आणि रुंदी सुमारे ८८ मीटर होती. मध्ये आयताकृती चौक, भोवती भाजक्या विटांच्या खांबांच्या रांगा आणि त्यांवर लाकडी तुळयांचे सपाट छत, अशी ती इराक-सिरियाकडच्या पद्धतीची मशीद होती. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बुवैही राजवटीत, चौकाच्या कडेने खांबांची आणखी एक रांग उभी केली गेली. या खांबांच्या विटा निरनिराळ्या कोनांत बसवून पृष्ठभागावरच नक्षी तयार केली होती, आणि त्यांचे अवशेष आजही नंतरच्या भिंतींमध्ये अडकलेले दिसतात. प्रवासी नासिर खुस्रो १०५२ मध्ये इस्फहानला आला, तेव्हा शहराच्या मधोमध भव्य जामा मशीद असल्याचे त्याने लिहिले आहे. त्याने पाहिली ती ही खांबांची मशीद होती; घुमट आणि उंच कमानी मंडप तेव्हा तिथे नव्हते.

त्याच्या आगमनाच्या थोड्याच काळापूर्वी सेल्जुक तुर्कांनी दीर्घ वेढ्यानंतर इस्फहान जिंकले होते, आणि पुढे मलिकशाहच्या काळात (१०७२ ते १०९२) ही एका अफाट साम्राज्याची राजधानी झाली. त्या साम्राज्याचा कारभार वजीर निजाम-उल-मुल्कच्या हातात होता. त्याने केलेला बदल आकाराने मोठा आणि परिणामाने त्याहून मोठा ठरला. मशिदीच्या दक्षिण अंगाला, मेहराबासमोरचे, म्हणजे किब्ला-भिंतीतल्या कोनाड्यासमोरचे, नवव्या शतकातले खांब काढून टाकून त्याने तिथे सुमारे १५ मीटर व्यासाचा घुमट उभा केला. घुमटाच्या तळाशी विटांतच घडवलेली, कूफी या जुन्या कोनीय अरबी लिपीतली लेखपट्टी आहे. तीत मलिकशाहची बिरुदे आहेत आणि हा घुमट बांधण्याची आज्ञा निजाम-उल-मुल्कने दिल्याचा उल्लेख आहे. लेखात वर्ष नाही. पण मलिकशाह १०८६ मध्ये सिरियाच्या मोहिमेवर गेला होता, दमास्कसच्या उमय्यद मशिदीत मेहराबासमोर असाच घुमट होता आणि तो त्याच सुमारास सेल्जुकांनी दुरुस्त केला होता, या गोष्टी एकत्र ठेवून अभ्यासक इस्फहानचा घुमट १०८६-८७ चा मानतात. सुलतानासाठी मेहराबाजवळ राखून ठेवलेली जागा, जिला मकसूरा म्हणतात, ती इतक्या भव्य प्रमाणात बांधण्यामागे दमास्कसचा आदर्श असावा, हे मत मला पटते.

इथे एका जुन्या सिद्धान्ताचा उल्लेख करावा लागतो, कारण तो अजूनही अनेक लेखांत आढळतो. इराणच्या पुरातत्त्व खात्याचे दीर्घकाळ प्रमुख असलेले फ्रेंच वास्तुविद आंद्रे गोदार यांनी १९३० च्या दशकात असे मांडले की, सुरुवातीच्या इराणी मशिदी म्हणजे उघड्या मैदानात एकटा उभा असलेला घुमट होता. इस्लामपूर्व इराणच्या सासानी राजवटीतल्या अग्निमंदिराच्या चार कमानींच्या रचनेवरून तो घेतला गेला आणि बाकीची मशीद नंतर भोवती बांधली गेली. इतर काही ठिकाणी हे कितपत लागू पडते हा वेगळा विषय, पण इस्फहानपुरते उत्खननाने त्याचे निराकरण केले आहे. घुमटाखाली आणि घुमटाभोवती नवव्या शतकातल्या खांबांचे पाये मिळाले, म्हणजे घुमट आधीच अस्तित्वात असलेल्या खांबांच्या मशिदीत शिरकाव करून बांधला गेला. मात्र गोदार यांना जे दिसले ते अगदीच चुकीचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. निजाम-उल-मुल्कचा घुमट बांधला गेला तेव्हा जुन्या छतापासून तो मोकळाच राहील अशी योजना असल्याच्या खुणा बांधकामात आहेत, त्यामुळे तो एकटा उभा असल्याचा भास होणे स्वाभाविक होते.

दुसरा घुमट मशिदीच्या बरोबर विरुद्ध टोकाला, उत्तरेस आहे. त्याला गुंबद-ए-खाकी म्हणतात. त्यावरच्या लेखात हिजरी ४८१, म्हणजे इ.स. १०८८-८९ हे वर्ष आहे आणि बांधवून घेणाऱ्याचे नाव ताज-उल-मुल्क अबुल गनाइम. हा मलिकशाहची बेगम तेरकेन खातून हिच्या विश्वासातला अधिकारी होता आणि निजाम-उल-मुल्कला बाजूला सारून त्याची जागा मिळवण्याच्या प्रयत्नात होता. ऑक्टोबर १०९२ मध्ये नहावंदजवळ निजाम-उल-मुल्कची हत्या झाली, नोव्हेंबरमध्ये मलिकशाह मरण पावला, आणि काही महिन्यांतच निजामाच्या माणसांनी ताज-उल-मुल्कला ठार केले. तेव्हा वैर खरे होते, आणि दोन घुमटांमध्ये जेमतेम दोन-तीन वर्षांचे अंतर होते, हेही खरे. त्यावरून चढाओढीचे अनुमान काढणे योग्य आहे. पण उत्तरेचा घुमट दक्षिणेच्या घुमटाला उत्तर म्हणूनच बांधला गेला, एवढ्यावर थांबणे मला अपुरे वाटते. तो त्या वेळी मशिदीच्या उत्तर सीमेच्या बाहेर होता. त्याला मेहराब नव्हता, आणि तो दोन बाजूंनी उघडा होता. नमाजासाठी तो बांधला नव्हता हे यावरून कळते. सुलतान मशिदीत येताना पोशाख बदलण्यासाठी किंवा थांबण्यासाठी हे दालन असावे, असा एक तर्क आहे. बेगमेशी त्याचा संबंध जोडणारा दुसरा. एकाही तर्काला लेखाचा आधार नाही, आणि जागेचा विचार केला तर पहिला मला अधिक जवळचा वाटतो.

या घुमटाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण विटांच्या बांधकामात इतके विचारपूर्वक केलेले काम माझ्या माहितीत फार थोडे आहे. व्यास सुमारे १० मीटर, उंची सुमारे २० मीटर. चौरस खोलीवर गोल घुमट बसवायचा तर चारही कोपरे भरून काढावे लागतात, ही या सगळ्या वास्तूंपुढची मूळ अडचण. सासानी काळात, तिसऱ्या शतकातल्या फिरोझाबादच्या राजवाड्यापासून, कोपऱ्यात तिरपी कमान टाकून चौरसाचा अष्टकोन करण्याची पद्धत रूढ होती. या कमानीला स्क्विंच म्हणतात. मोठ्या घुमटाखाली ही एकच कमान बोजड दिसते आणि तिच्यावर भारही एकवटतो. म्हणून सेल्जुकांच्या थोडे आधी, १०३७-३८ मध्ये यझ्द शहरातल्या दवाझ्दह इमाम नावाच्या कबरीच्या इमारतीत, ती कमान तीन भागांत विभागलेली दिसते: मध्ये एक अरुंद कमान आणि तिच्या दोन्ही बाजूंना घुमटाच्या पाव-तुकड्यांसारखे दोन भाग. इस्फहानच्या दोन्ही घुमटांत हीच तीन भागांची रचना आहे. तिच्या वर सोळा लहान कमानींची पट्टी, त्यावर लेखपट्टी आणि मग घुमट, असा चौरस, अष्टकोन, षोडशकोन आणि वर्तुळ यांचा क्रम लागतो.

दक्षिणेच्या घुमटात हा क्रम आहे, पण त्याचे टप्पे एकमेकांवर ठेवल्यासारखे वाटतात. खालचे जाड खांब आधीच्या शतकातल्या पद्धतीचे आहेत, आणि वरचे काम नव्या पद्धतीचे. उत्तरेच्या घुमटात मात्र जमिनीपासून निघालेली प्रत्येक उभी रेषा वर कुठे जाणार आहे हे आधी ठरवलेले आहे. खालच्या भिंतीतल्या बारीक अर्धखांबांच्या रेषा वरच्या कमानींच्या कडा होतात, त्या कमानी सोळा कोनाड्यांच्या पट्टीत मिसळतात आणि तिथून नजर थेट घुमटावर पोहोचते. घुमटाच्या आतल्या पृष्ठावर विटांच्या उंच रेषांनी पंचकोनाचा मोठा आकृतिबंध तयार केला आहे. सोळा आणि आठ यांच्या विभागणीवर पाच बाजूंची आकृती बसवणे भूमितीच्या दृष्टीने सोपे नाही. उमर खय्याम १०७४ पासून मलिकशाहच्या दरबारात, याच शहरात, वेधशाळेचे आणि पंचांग-सुधारणेचे काम करत होता, म्हणून या घुमटाची भूमिती त्याने आखली असावी, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. कल्पना आकर्षक आहे. पण तिला समकालीन पुरावा नाही, आणि ही वास्तू ज्या अनाम गवंड्यांनी प्रत्यक्ष उभारली, त्यांच्या भूमितीच्या ज्ञानाला कमी लेखण्याचे कारणही मला दिसत नाही. दोन शतकांच्या विटांच्या अनुभवातून आलेला आत्मविश्वास या घुमटाच्या प्रत्येक सांध्यात आहे.

हे इथेच का शक्य झाले, त्यामागे साहित्याचा भाग मोठा आहे. इराणच्या पठारावर मोठे इमारती लाकूड कमी, त्यामुळे कमान किंवा घुमट बांधताना खालून आधार देणारा लाकडी साचा उभारणे खर्चिक होते. त्याऐवजी गवंडी जिप्समचा लेप वापरत. तो काही मिनिटांत घट्ट होतो, म्हणून पातळ चौरस वीट तिरपी लावून क्षणभर धरली की चिकटते, आणि थरावर थर चढवत साच्याशिवाय घुमट वर नेता येतो. जिप्सम पाण्याला टिकत नाही. पण इस्फहानला वर्षभरात सव्वाशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, तेव्हा ही उणीव तिथे सांभाळता येते. आपल्याकडच्या चुन्याच्या, सावकाश घट्ट होणाऱ्या बांधकामाशी तुलना करताना हा फरक नेहमी विचारात घ्यावा.

यानंतरचा मोठा प्रसंग आगीचा. हिजरी ५१५, म्हणजे ११२१-२२ मध्ये मशिदीला आग लागली. इतिहासकार इब्न अल-अथीरने तिचा ठपका बातिनींवर, म्हणजे इस्माइली पंथीयांवर ठेवला आहे. शहराबाहेरचा शाहदिझ हा त्यांचा किल्ला ११०७ मध्ये सेल्जुकांनी घेतला होता आणि दोन्ही पक्षांत रक्तरंजित संघर्ष चालू होता, हे लक्षात घेऊन तो आरोप वाचावा. मशिदीच्या ईशान्येच्या दरवाज्यावर या आगीनंतरच्या पुनर्बांधणीचा लेख आहे, आणि त्यात मशिदींमध्ये ईश्वराचे स्मरण करू न देणाऱ्यांचा निषेध करणारी कुराणातली आयत मुद्दाम घेतली आहे. आगीत लाकडी छताचे नुकसान झाले असणार. पुढच्या काळात सपाट छताच्या जागी खांबा-खांबांमधल्या प्रत्येक चौकटीवर विटांचा स्वतंत्र लहान घुमट बांधत जाण्याची पद्धत आली. असे साडेचारशेहून अधिक लहान घुमट आज या मशिदीत आहेत. ते निरनिराळ्या शतकांत, निरनिराळ्या हातांनी बांधले गेले, आणि त्यांत विटा रचण्याचे इतके प्रकार आहेत की एखाद्या विद्यार्थ्याने फक्त ही छते नकाशावर क्रमाने मांडली, तरी इराणी वीटकामाचा इतिहास त्याच्या हाती लागेल.

याच बाराव्या शतकात चार इवान आले. इवान म्हणजे तीन बाजूंनी बंद आणि चौथ्या बाजूने पूर्ण उघडा, वर लांब कमानी छत असलेला उंच मंडप. त्याच्या तोंडाशी उभी आयताकृती चौकट असते, तिला पिश्ताक म्हणतात. मूळ कल्पना इस्लामपूर्व इराणी राजवाड्यांची, आणि तैसफूनची (आजच्या इराकातली) सासानी कमान हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. इस्फहानला जुन्या खांबांच्या रांगा चारही बाजूंच्या मध्यभागी तोडून हे मंडप घुसवले गेले. ते कोणत्या क्रमाने आणि नेमके कोणत्या वर्षी, यावर मतभेद आहेत. इथून ईशान्येला असलेल्या झवारे या गावात ११३५-३६ चा लेख असलेली लहान मशीद पहिल्यापासूनच चार इवानांची म्हणून आखलेली आहे, त्यामुळे तोवर ही रचना प्रतिष्ठित झाली होती एवढे नक्की. ११५८ ते ११६० या काळात अर्दिस्तानच्या जुन्या मशिदीतही असाच बदल झाला. राजधानीतल्या बदलाचा हा परिणाम असावा, असे मला वाटते. उलट दिशेने प्रभाव आला असे म्हणणे कठीण आहे.

चारही इवान सारखे नाहीत, आणि त्यांची जुनी नावेही वेगळी आहेत. दक्षिणेचा सुफ्फा-ए-साहिब, पश्चिमेचा उस्ताद, पूर्वेचा शागिर्द आणि उत्तरेचा दरवेश. दक्षिणेचा इवान थेट मोठ्या घुमटाकडे नेतो, म्हणून तो सर्वांत महत्त्वाचा. त्याच्यावरचे दोन मिनार नंतरचे आहेत. आपल्याला सेल्जुक काम पाहायचे असेल तर पूर्वेच्या इवानासमोर उभे राहावे, कारण तिथल्या छतातली विटांची कोनाडेदार रचना बऱ्याच प्रमाणात मूळची राहिली आहे. पश्चिमेचा इवान मात्र टाइल्सनी पूर्ण झाकलेला आहे. सफवी सुलतान हुसेनच्या काळात, १७००-०१ मध्ये, ते काम झाले. आमनेसामने असलेले हे दोन मंडप एकापाठोपाठ पाहिले की सांगाडा आणि आवरण यांबद्दल मी वर जे म्हटले ते सहज पटेल.

चार इवानांमुळे एक गोष्ट मुळातून बदलली. खांबांच्या मशिदीत सगळी जागा किब्ल्याच्या दिशेने एकसारखी वाहते. इथे चौक स्वतःच एक दालन होतो, त्याला चार भिंती आणि चार दर्शनी बाजू मिळतात, आणि किब्ल्याची दिशा फक्त एका इवानाच्या मागच्या घुमटाने सूचित होते. यावर टीकाही होऊ शकते, कारण नमाजाच्या रांगा तुटतात. पण जामा मशिदीत फक्त नमाज होत नसे. तिथे शिकवले जाई, न्यायनिवाडे होत, प्रवासी विसावत, बाजारातून बाजारात जाणारे लोक चौक ओलांडत. उत्तरेकडे तोंड असलेल्या दक्षिणेच्या इवानात उन्हाळ्यात सावली मिळते, आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या उत्तरेच्या इवानात हिवाळ्याचे उतरते ऊन खोलवर येते. चारही दिशांना मंडप असणे हे त्या कोरड्या आणि टोकाच्या हवामानात फार सोयीचे होते.

मंगोल आक्रमणानंतरची एक भर मला या मशिदीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पश्चिमेच्या इवानाच्या उत्तरेला एका प्रार्थनागृहात जिप्समच्या गिलाव्यात कोरलेला मेहराब आहे. तो १३१० चा असून इलखानी सुलतान ओल्जाइतूच्या काळात घडवला गेला आणि त्यावर हैदर या सुलेखनकाराचे नाव आहे. ओल्जाइतू हा मंगोल वंशाचा राज्यकर्ता त्याच सुमारास शिया पंथाकडे वळला होता, आणि म्हणून या मेहराबात बारा इमामांची नावे आहेत. वेलींचा एक थर, त्यावर अक्षरांचा दुसरा, त्यांच्या मधून डोकावणारा तिसरा, अशा तऱ्हेने काही सेंटिमीटर जाडीत गिलावा कोरला आहे. सकाळच्या तिरप्या प्रकाशात त्याची खोली समजते, समोरून पाडलेल्या दिव्यात ती हरवते. ओल्जाइतूनंतर त्याचा मुलगा अबू सईद पुन्हा सुन्नी पंथाच्या बाजूने गेला. तरीही हा मेहराब पुसला गेला नाही. राजवट बदलली की आधीच्या लेखांवर हातोडा चालवण्याची उदाहरणे सगळीकडे आहेत, म्हणून हे वेगळेपण नोंदवण्यासारखे आहे.

पुढच्या भरी थोडक्यात सांगतो. चौदाव्या शतकात मुझफ्फरी राजवटीत पूर्व बाजूला मदरसा जोडला गेला. १४४७-४८ मध्ये तैमूरी राजपुत्र सुलतान मुहम्मदच्या काळात पश्चिमेला हिवाळ्यासाठी स्वतंत्र प्रार्थनागृह बांधले. त्याच्या रुंद, ठेंगण्या कमानी जवळजवळ जमिनीपासूनच निघतात आणि खिडक्या नसल्याने उजेड छतात बसवलेल्या अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाच्या तुकड्यांतून येतो. १४७५-७६ मध्ये आक कोयुनलू सुलतान उझुन हसनच्या काळात दक्षिणेचा इवान दुरुस्त होऊन त्यावर टाइल्स चढल्या. या काळातले टाइल-काम मुअर्रक पद्धतीचे आहे, म्हणजे प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा भाजून, कापून, नक्षीप्रमाणे जोडलेला. सफवी काळात एकाच चौकोनी टाइलवर अनेक रंग भाजण्याची हफ्तरंगी पद्धत प्रचलित झाली. ती स्वस्त आणि जलद होती, पण तिची रंगछटा मुअर्रकइतकी खोल नसते. शाह अब्बासने १५९८ मध्ये इस्फहानला राजधानी आणली, दक्षिणेला नवे मैदान आखले आणि १६११ पासून तिथे नवी शाही मशीद बांधायला घेतली. राजकीय केंद्र तिकडे सरकले. जुनी मशीद जुन्या बाजारातच राहिली आणि वापरातही राहिली. पाडून नव्याने बांधण्याचा मोह तिच्या बाबतीत कोणाला झाला नाही, यामागे हेही एक कारण असावे.

१९८० ते १९८८ च्या इराण-इराक युद्धात क्षेपणास्त्राने मशिदीच्या दक्षिण-पूर्वेकडच्या भागातले काही लहान घुमट कोसळले. ते जुन्या पद्धतीने विटा रचून पुन्हा बांधले गेले. जुन्या घुमटांसारखेच घुमट बांधावेत की नवे काम वेगळे ओळखू यावे, हा आमच्या क्षेत्रातला कायमचा वाद आहे. इथे पहिला मार्ग घेतला गेला तो योग्य होता असे माझे मत आहे, कारण या मशिदीत छत बदलत राहणे हीच आठशे वर्षांची रीत होती आणि ते काम करणारे गवंडी त्या शहरात अजून होते. २०१२ मध्ये युनेस्कोने मशिदीला जागतिक वारसा यादीत घेतले.

आता गुलबर्ग्याबद्दल. तिथल्या किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची, आणि तिच्या लेखात कझवीनच्या रफी नावाच्या व्यक्तीचे नाव आहे. कझवीन इराणात आहे, म्हणून ती इराणी पद्धतीची असे सर्रास लिहिले जाते. पण रचना पाहिली तर तिथे चौकच नाही. सुमारे ६६ मीटर लांब आणि ५४ मीटर रुंद अशी संपूर्ण जागा घुमटांनी झाकलेली आहे, बाजूच्या रुंद, ठेंगण्या कमानींच्या ओवऱ्यांतून प्रकाश आत येतो, आणि इवान एकही नाही. प्रत्येक चौकटीवर स्वतंत्र घुमट ही कल्पना इस्फहानच्या छतांशी नाते सांगते, हे मान्य. पण चौक झाकून टाकण्याचा निर्णय इराणी परंपरेच्या गाभ्यापासून दूर जाणारा आहे. पावसाळ्याच्या प्रदेशात तो निर्णय समजण्यासारखा आहे, तरी दख्खनमध्ये पुढे फारसा कोणी गिरवला नाही.

चार इवानांची खरी इराणी रचना आपल्याला जवळ पाहायची असेल, तर सोलापूरहून गुलबर्ग्याच्याही पुढे बीदरला जावे. इराणातल्या गीलानहून आलेला बहमनी वजीर महमूद गावान याने १४७२ मध्ये तिथे बांधलेला मदरसा आयताकृती चौक, चारही बाजूंच्या मध्यावर उंच मंडप, दर्शनी भिंतीवर टाइल्स आणि कोपऱ्यात मिनार असा आखलेला आहे. म्हणजे उझुन हसनचे कारागीर इस्फहानच्या दक्षिण इवानावर टाइल्स लावत होते, त्याच्या तीन-चार वर्षे आधी बीदरच्या भिंतींवर तसेच काम झाले होते. औरंगजेबाच्या सैन्याच्या ताब्यात असताना, १६९६ मध्ये, तिथे दारूगोळ्याचा स्फोट होऊन पुढचा काही भाग आणि एक मिनार कोसळला. उरलेल्या मिनारावर आणि दर्शनी भिंतीवर टाइल्स काही ठिकाणी शाबूत आहेत, काही ठिकाणी गळून खालचा गिलावा उघडा पडला आहे. टाइल, गिलावा आणि दगडी भिंत हे थर तिथे शेजारी शेजारी दिसतात, आणि इस्फहानला ज्यासाठी जुने अहवाल चाळावे लागतात ते बीदरला डोळ्यांनी तपासता येते. फरक एवढाच की, बीदरचा गाभा विटांचा नसून दगडाचा आहे, म्हणून कमानींची जाडी आणि सांधे पाहताना वर सांगितलेले जिप्समचे तंत्र तिथे शोधू नये.